बर्फाच्या साखळ्या

एल्गुजाने टायरच्या साखळ्या विकल्या,
दोन्ही जोड. एकशे वीस लारी.
मग जॅक, मग सीटवरचं मेंढीचं कातडं.
ट्रक तर आधीच गेला होता,
डॉक्टरांनी छातीचा कागद पाहून
लायसन्स बंद केलं त्याच महिन्यात.
मी म्हटलं, आता तरी छताचे पत्रे बदलू.
तो म्हणाला, मझेव्हा, आपण कॉम्प्युटर बांधतोय.

बांधतोय म्हणाला. जसा गोठा बांधतात.

शेजारच्या जिन्यातला लेव्हानी, एकोणीस वर्षांचा,
त्याने चौकटीच्या कागदावर यादी करून दिली:
प्रोसेसर जुना चालेल, बोर्ड जुना चालेल,
पेटी तर भंगारातलीसुद्धा,
पण पॉवर सप्लाय नवाच घ्या, काका.
तिथे काटकसर केलीत तर तो जाताना
बाकीच्यांना घेऊन जाईल.
मला वाटलं, हा हृदयाबद्दलच बोलतोय.

ग्राफिक्स कार्ड काही कागदात बसेना.
नव्याची किंमत ऐकून एल्गुजा
टोपी दुकानातच विसरून बाहेर आला.
शेवटी सिमेंट कारखान्यामागच्या एका गॅरेजात
मिळाली तशी कार्डं, फळीवर ओळीने, धुळीने भरलेली.
तीन वर्षं रात्रंदिवस नाणी पाडत होती म्हणे,
कुणाच्या हातात न येणारी नाणी.
एकानेही आजवर एक झाड रंगवलं नव्हतं,
एक ढग नाही.
विकणारा जमिनीकडे बघत म्हणाला, थोडं तापतं.
एल्गुजाने पंख्यावरून अंगठा फिरवला,
नाकाशी धरून हुंगलं, इंजिन हुंगायचा तसं,
म्हणाला, याने घाट चढलेत. चालेल.
तीनशेचे दोनशे साठ. वर एक केबल.

स्वयंपाकघरातलं टेबल तीन दिवस माझं नव्हतं.
आजिकाच्या बाटलीच्या झाकणात स्क्रू,
पावाच्या टोपलीत वायरी.
पेस्ट मटाराएवढी, लेव्हानी म्हणाला.
माझ्या नवऱ्याने राजम्याएवढी घातली.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.
पुन्हा दाबलं. काळा.
मी हिशेबाची वही उघडली, सातशे दहा,
आणि मुद्दाम उघडीच ठेवली.
लेव्हानीने मेमरीची पट्टी उपसली,
माझ्याकडून खोडरबर मागून घासली,
परत बसवून दाबली,
कट्ट. दाताखाली खडा यावा तसा आवाज.
पडद्यावर अक्षरं आली. इंग्रजी.
तिघांपैकी कोणालाच धड वाचता येईनात,
आणि तिघेही वाचत उभे राहिलो.

नेस्तान पोलंडमध्ये गोदामात खोकी भरते.
शिफ्ट सुटली की खेळातला ट्रक चालवते.
लहानपणी ही मुलगी पहाटे
बूट घालून पायरीवर बसायची,
आठव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत.
बर्फ आहे, बॉर्डरवर दोन दोन रात्री रांग आहे,
पुढच्या खेपेला, हा म्हणायचा.
मग तिने बसणं सोडलं,
आणि त्याला सुटल्यासारखं झालं.
मला ठाऊक आहे. मी चहा ओतत होते.

आता हेडफोनमधून तिचा आवाज सांडतो:
बाबा, मागेच राहा. पुढे उतार आहे. अंतर सोडा.
बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर अंतर सोडतो.
ब्रेक कीबोर्डवर आहे,
तरी लोकरी मोज्यातला पाय फरशी दाबतो.
एक पंखा किरकिरतो, त्याची सवय झाली.
छताखालच्या पातेल्याचीही.

परवा रात्री खेळात बर्फ पडायला लागला.
जुन्या कार्डाने एकेक पांढरा ठिपका
धापा टाकत का होईना, काढून दाखवला.
एल्गुजा खुर्चीतून अर्धा उठला,
दाराकडे वळला,
जिथे खिळ्याला साखळ्या असायच्या.

काय झालं, बाबा?

काही नाही, म्हणाला. बसला.
तू हो पुढे.