शिसं

आडगाव नाक्याला, ट्रक टर्मिनलच्या मागं
सुकदेव पगार जॅकवर उचललेलं चाक
बोटानं ढकलतो. छातीएवढं रबर,
सारूळच्या खाणीतून आलेलं.
फिरतं, डुलतं, मागं येतं,
जड बाजू खाली धरून थांबतं.
"पन्नासला स्टेअरिंग थरथरतं," मी म्हणतो.
तो ऐकत नाही. खडूनं वर एक रेघ मारतो,
शिशाचा तुकडा ठोकतो, पुन्हा ढकलतो.
पुन्हा तेच.

मग पान्हा टाकून रिमच्या आत हात घालतो
खांद्यापर्यंत,
वाळल्या चिखलाची खपली निघते
भाकरीएवढी.
"एवढं घेऊन कसारा उतरलास?"
शिसं उपटून तो खिशात टाकतो.
आता चाक कुठंही थांबतं.

द्वारकेपर्यंत स्टेअरिंग गप्प.
हातच थरथरतात, सवयीनं.