मालकाचा रकाना

माडग्याळच्या दवाखान्यात
नायट्रोजनची एकच टाकी.
आत खिलार वळूंच्या कांड्या, पिवळ्या, निळ्या.
नोंदवही माझ्याकडे.

पहाटे म्हाळाप्पा करे आला
घोंगड्यात लांडगी घेऊन.
जतच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलेली.
"हिनंच माझी दोन कोकरं नेली पुसात,"
म्हणाला,
आणि तिच्या डोळ्यावरची माशी हाकलली.

वनरक्षक आला, पंचनामा झाला.
मग डॉक्टरीणबाईंनी कानाचा तुकडा घेतला,
नखाएवढा.
गुलाबी द्रवात घालून कुपी टाकीत सोडली.
पांढरी वाफ आमच्या पायांवर सांडली.

"आता ही मेली म्हणायची का न्हाई?"
बाई हात धूत राहिल्या.

मी लिहिलं: लांडगा, मादी.
मालकाचं नाव —
पेन थांबलं.
रकाना मोकळा ठेवलेला चालत नाही आमच्यात.
"माळ लिव्ह," म्हाळाप्पा म्हणाला,
रिकामं घोंगडं झटकत.

आता टाकीत वळू आणि लांडगी शेजारी,
कुणी कुणाला हुंगत नाही.
पण ही थंडीही आटते.
सांगलीची गाडी चार दिवस चुकलीय.
मी पट्टी बुडवून बघतो:
सात बोटं.
पुन्हा बुडवतो.