अकरा सेकंद

माझं काम स्टॉपवॉच धरायचं.
कोण किती बोललं, लोक किती हसले,
किती वेळ कुणीच काही बोललं नाही,
सगळं वहीत टिपायचं.

क्लाइव्ह ऑरमरॉड ओल्डहॅमहून बरबँकला आला
मार्चमध्ये, लोकरीचा कोट हातावर,
आणि एका कॅसेटमध्ये सहा भाग.
"पुढचे?" आमच्या निर्मातीनं विचारलं.
"सहाच. संपलं तेव्हा थांबलो."
आम्हांला बावीस हवे होते.

गोष्ट एवढीशी:
बस डेपोतलं हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस,
काउंटरमागे एक कारकून.
दर शुक्रवारी एक बाई हिरव्या छत्रीची चौकशी करते.
छत्री त्याच्या पाठीमागेच, खुंटीला, कोटाखाली.
तो म्हणतो, "अजून नाही आली."
ती म्हणते, "बरं. शुक्रवारी बघते."
आणि मग दोघंही नुसती उभी.
अकरा सेकंद. मी तीनदा मोजले.
त्या अकरा सेकंदांत तिकडे घरंच्या घरं हसली म्हणे.
इथे फक्त एसीची घरघर,
आणि कुणीतरी पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज.

मग सुरू झालं.
ऑफिस ओहायोत गेलं, टोलेडोला.
छत्रीचा झाला बोलिंगचा बॉल.
(कोटाखाली कसा मावणार? कपाट आणा.)
कारकुनाला कुत्रा मिळाला,
घटस्फोटित भाऊ मिळाला, वरच्या मजल्यावर.
चॅनेलचा माणूस म्हणाला,
"पण हा तिला सांगून का टाकत नाही?
तिसऱ्या भागात सांगू दे. पाचव्यात मिठी."
क्लाइव्हनं चष्मा पुसला.
"सांगितलं तर ती येईल कशाला?"
"अहो, तेच तर! याच्यासाठी येईल!"
क्लाइव्ह खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर पार्किंग, आणि असं ऊन
की जन्मात कुणाची छत्री हरवू नये.

रस्टी कोवाल्चिक, आमचा कारकून,
खरोखरच टोलेडोचा. दात जाहिरातीतले.
त्याला गप्प उभं राहणं जमेना.
तिसऱ्या सेकंदाला तोंडून निसटायचं,
"दिवस छान जावो!"
आम्ही हसायचो, क्लाइव्हला बरं वाटावं म्हणून.
उसनं हसू किती टिकतं, तेही वहीत आहे:
दोन सेकंद.

गुरुवारच्या तालमीत मात्र
रस्टी बोलायलाच लागला, कुणी न लिहिलेलं.
बॉल किती पौंडांचा? भोकं केवढी? अंगठ्याचं माप?
त्याच्या मावशीचा असाच एक
ईरी सरोवरात बुडाला, होडीसकट,
मावशी वाचली, पण पुन्हा कधी खेळली नाही,
आणि तुम्ही कुठल्या लेनवर खेळता,
नाही, सहजच विचारलं...
निजलेल्या कुत्र्याला वळसा घालावा
तसा प्रत्येक शब्द त्या कपाटाला वळसा घालत होता.
बाई ऐकत उभी. पर्सचा पट्टा खांद्यावरून घसरला,
तिनं तो वर घेतला नाही.
एक मिनिट चाळीस सेकंद.

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.
वळून पाहिलं तर क्लाइव्ह. पुन्हा चष्मा पुसत होता.
नंतर कॉफी ओतताना म्हणाला,
"आमच्याकडे माणूस गप्प बसून लपतो..."
पुढचं वाक्य त्यानं कपात ठेवलं.

चॅनेलनं त्या एक मिनिट चाळीसचे बावीस सेकंद केले.
मिठी राहिली.
नऊ भागांनंतर त्या वेळेला बेसबॉल लागू लागला.
अजून कुणी विचारतं, तिकडचा विनोद इकडे चालतो का?
मी वहीचं ते पान उघडते.
आकडा आहे. उत्तर आहे का, ठाऊक नाही.

जाताना क्लाइव्हनं बॉल मागून घेतला.
चौदा पौंड. सामानाचे जादा पैसे भरले.
जूनमध्ये कार्ड आलं, शाई थोडी ओघळलेली:
"बॉल बसमध्ये राहिला. विसरलो, असं घरी सांगितलंय.
डेपोत काउंटरवर नव्या बाई आहेत.
म्हणाल्या, अजून नाही आला.
शुक्रवारी पुन्हा जाईन."