पक्का काळा

आमच्या अय्याला काळ्याचं भारी कौतुक.
रंगशाळेतल्या गंधकी वासात
कोपरापर्यंत काळा होऊन तो म्हणायचा,
लाल कुणालाही जमतो गं,
काळा उतरला नाही पाहिजे.
दहाव्या धुण्याचं पाणी
चहाच्या ग्लासात धरून उन्हात बघायचा.

मी उलटं काम करते.
मेणातून कापलेला डोळ्याचा पापुद्रा,
चार मायक्रॉन, फुंकरीनं उडेल असा,
त्याचा काळा मी उतरवते.
पेरॉक्साइडमध्ये रात्रभर.
रंग गेल्याशिवाय वीण दिसत नाही.
सकाळी ते पाणी ट्यूबलाइटखाली धरते,
सवय.

मग दिसतात पेशी, एकीला एक लागून.
पुस्तकात त्यांना स्पिंडल म्हणतात,
म्हणजे चातीच.
चात्या त्यातल्या त्यात बऱ्या.
गोल, फुगीर दिसल्या की मी खुर्ची मागे सरकवते,
त्यांना यकृताचा रस्ता लवकर सापडतो.

हा डोळा अंबादास कोंड्यालचा.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
एकतीस वर्षं चादरी तपासल्या त्यानं.
तुटका ताणा, सुटलेला बाणा,
मोराच्या पिसाऱ्यात एक घर कमी,
की खडूची खूण, माल बाजूला.
गेल्या चैत्रात एका चादरीवर काळी गाठ दिसली.
नखानं खरवडली. जाईना.
दुसरी चादर, तिथंच गाठ.
तिसरी.
मालक ओरडला, अख्खा लॉट बाद केलास?
अंबादासनं डावा डोळा मिटला,
गाठ होती.
उजवा मिटला,
चादर स्वच्छ.

दहा लाखांत एखाद्याला होतो हा आजार,
आपल्याकडे त्याहून कमी.
अनुदानाच्या समितीत एकानं चष्मा पुसत विचारलं,
इतक्या थोड्यांसाठी?
मी सांगितलं, सात वर्षं, एकोणीस डोळे.
खालच्या गल्लीत माग सुरू असले
की माझ्या मायक्रोस्कोपखालचं सगळं थरथरतं
आणि मोजणी मी गुरुवारी करते,
वीज नसते तेव्हा, इन्व्हर्टरवर,
हे सांगितलं नाही.

तिसऱ्या गुणसूत्राची जोडी असते.
काही गाठींत जोडीतलं एक गळालेलं असतं.
का गळतं, कधी गळतं,
गळाल्यावर पेशीला घर सोडावंसं का वाटतं,
एवढाच माझा विषय.
अंबादासच्या गाठीत एकच आहे.
दोनदा मोजलं. परत मोजलं.

दर सहा महिन्यांनी तो सोनोग्राफीला येतो
आणि जिना चढून माझ्याकडे.
काचेचा डोळा जरा जास्तच ताठ बघतो.
पहिल्यांदा आला तेव्हा विचारलंन,
मॅडम, त्यात काही राहतं का, बघितलेलं?
नाही म्हणाले.
बरं झालं, म्हणाला,
शेवटी फार खराब माल बघितला.

आज पाकीट टेबलावर आहे, उघडं.
तो बसला. पाणी प्याला.
मी वाक्य जुळवत होते,
तेवढ्यात त्यानं हात पुढे केला
आणि माझ्या ॲप्रनच्या बाहीवरचा
मला कधी न दिसलेला एक सुटका धागा
चिमटीत धरला.
ओढू नका, म्हणाला, उसवेल.
कात्री आहे?