हंगाम नसलेले दिवस

श्रावणात गुऱ्हाळं बंद
आणि बाबांचा टेम्पो शाहूपुरीत उभा.
उभी गाडी गंजते, चार दिवस फिरवून आणली पाहिजे,
तिच्याबरोबर आम्हालाही.
सहलीचं याहून मोठं कारण कुणी कधी सांगितलं नाही.

थोरली काकू उंबऱ्यातून म्हणायची,
"चातुर्मासात म्हाराजसुद्धा एका जागी बसत्यात,
आणि तुम्ही निघालासा बावड्याला पाऊस बघाय.
हितं काय कमी पडालाय?"
बाबा दोरी आवळत म्हणायचे,
"हितला उभा पडतोय वैनी. तिथला आडवा."

हौद्यात बारदान, बारदानावर सतरंजी,
सतरंजीवर मी, सुकुमार आणि धाकटी त्रिशला,
आणि कुणीही पाय लावायचा नाही असा स्टोव्ह.
फळ्यांच्या फटीत वर्षाचा गूळ मुरलेला.
ओल लागली की वास सुटायचा
आणि वासामागून मुंग्या.
मारायच्या नाहीत, फुंकायच्या.
फुलेवाडीपासून कळ्यापर्यंत आम्ही फुंकत जायचो,
सुकुमारला एकदा चक्करच आली.

ताडपत्रीला दोन भोकं होती.
मोठ्याखाली पातेलं,
लहानाखाली त्रिशला, कारण ती तशीही रडत असायची.
पातेलं भरलं की आई ते पाणी फडक्यातून गाळायची.
थेट आभाळातून आलेलं पाणी गाळणारी बाई
मी दुसरी बघितली नाही.

दिवस मावळायच्या आत जेवायचं.
पण दिवस होता कुठं?
सकाळपासून एकच उजेड, राखेनं घासलेल्या ताटासारखा.
आई बाबांच्या मनगटावरचं घड्याळ बघायची,
मग बाहेरचं धुकं,
आणि दोघांवरही विश्वास न ठेवता
साडेपाचलाच भाकरी वाढायची.
रात्री नऊला एसटी स्टँडजवळच्या टपरीतून
कांदाभज्यांचा वास यायचा.
आम्ही तिघं डोळे मिटून तो वास खायचो.
नियमात वासाबद्दल काही नव्हतं.

करूळ घाटाच्या तोंडाशी बाबा गाडी थांबवायचे,
कठड्याशी जाऊन हात लांब करायचे,
"ते बघा. खाली कोकण."
पांढरं. नुसतं पांढरं.
त्यांच्या बोटाचं टोकसुद्धा दिसायचं नाही.
आम्ही "हां, दिसलं" म्हणायचो.
चार वर्षं आम्ही तसंच कोकण बघितलं.

एका वर्षी बालिंग्याच्या पुलाशी पाणी चढलं.
कंडक्टर सांगत आला, रस्ता बंद,
कधी सुटंल सांगता येत नाही.
बाबांनी चेहरा काळजीचा करायचा प्रयत्न केला,
जमला नाही.
त्या दुपारी ते बारदानावर पसरले
आणि दिवसाढवळ्या घोरले.
आई म्हणाली, हळू बोला,
आणि स्वतःच हसू दाबत बसली.
आटा संपत आला तेव्हा शाळेच्या शिपायाच्या बायकोनं
नाचणीचं पीठ दिलं, पैसे घेतले नाहीत.
त्या बाईचं नाव आम्ही विचारलं नाही.
हे मला आता टोचतं, तेव्हा नाही.

परवा जानेवारीत मुलांना घेऊन त्याच कठड्याशी गेले.
स्वच्छ ऊन.
खाली खरंच कोकण होतं:
वळणं, एक ट्रक, कौलं, लांबवर काहीतरी चमकणारं.
मुलांनी फोटो काढले.
मी उगीच हात लांब केला,
माझं बोट पूर्ण दिसत होतं.

टेम्पो भंगारात गेला, कितीला ते आई सांगत नाही.
मला रात्रीचंच जास्त आठवतं.
हौद्यात आम्हा चौघांनाच जागा पुरायची,
बाबा पुढं केबिनमध्ये बसून झोपायचे.
मध्यरात्री त्यांचं डोकं कलंडून
स्टिअरिंगवर टेकायचं
आणि अख्ख्या बावड्यात हॉर्न वाजायचा.
कुत्री भुंकायची, स्टँडवर कुणीतरी शिवी द्यायचं,
आणि अंधारात, ताडपत्रीखाली,
आई सगळ्यांच्या आधी हसायची.
पुढून बाबांचा आवाज,
"काय झालं? कोण आलं?"

कुणी नाही. झोपा.