ने

जर्सी धुवायचं काम माझं,
त्यामुळे घाम मला वासावरून कळतो:
कोणता धावण्याचा, कोणता धास्तीचा.
अनेस्तिस आला तेव्हा तेवीसचा होता,
कवाला बंदरातला, डावा बचावपटू.
ग्रिम्सबीच्या वाऱ्यात हातमोज्यांवर हातमोजे घालून उभा.

इंग्रजी दोन शब्दांचं, त्यातला एक 'सॉरी'.
हो म्हणायचं तर म्हणे, "ने."
नाही म्हणायचं तर भुवया वर, हनुवटी वर,
जीभ टाळूला लावून नुसतं "च्".
मिरजेची माझी आत्या अस्संच करायची
दारावर बोहारीण आली की.

एकतीस सामने, एक गोल, तोही कुणाच्या तरी ढोपराला लागून.
मग स्कन्थॉर्पच्या चिखलात त्याचा गुडघा वाजला.
चहाच्या खिडकीतल्या मॉरीननं किटली खाली ठेवली, इतका.

सतरा वर्षांनी आला तो लांब कोट घालून.
गॅफर!
लंगडणं थोडं उरलेलं, इंग्रजी पुष्कळ.
कँटीनच्या टेबलावर सामना मांडायचा:
ऑलिव्हच्या बिया म्हणजे आपण,
उकडलेले वाटाणे म्हणजे ते.
पोरं हसायची. एकदा गोलकीपरनं
समोरची अख्खी मधली फळी चमच्यानं खाल्ली.
त्या शनिवारी जिंकलो, कसे कोण जाणे.

नंतर अकरा सामने नाही.
तिकीटघरापाशी लोक ओरडायचे ते मी लिहीत नाही.
पावसात तो रेषेवर उभा राहायचा,
खेळाडू पळतील तेवढं जागच्या जागी पळत,
आणि सोमवारी सगळ्यांत ओला कोट त्याचाच.

थॉरल्डसाहेबांनी वर बोलावलं.
"समजतंय ना, आम्हाला काय म्हणायचंय?"
"ने," तो म्हणाला. दमला की जुनीच भाषा यायची.
साहेबांना ऐकू आलं 'नाही'. इकडची म्हातारी माणसं
नाहीला तसंच म्हणतात.
त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.
मी दाराशी, हातात टॉवेलांची चळत.
मला ऐकू आलं ते मराठीत:
ने. घेऊन जा.

खोकं त्यानं स्वतःच उचललं.
कोट विसरला, की ठेवला?
मी धुवायला टाकला.
खिशात बी राहिली असावी एखादी,
ड्रममध्ये खडखडत फिरतेय कधीची.

नवा गॅफर डोकावून विचारतो,
"मशीन बिघडलंय का?"
मी भुवया वर, हनुवटी वर. च्.
तो तसाच उभा, हो की नाही ते न कळून.