बावीस इंची

"चार सौ ले लो, अम्मा, इससे ऊपर एक पैसा नहीं."
भंगारवाला दारात तराजू धरून.
मी चारशेला राजी होते.
हे पायरीवर बसले, पाना मागितला
आणि सायकल उलटी केली,
चाकं आभाळाकडे.

बिर्लानगरची गिरणी बंद झाली
त्याला किती वर्षं झाली, मी मोजत नाही.
मग ही दौलतगंजात दुकानांच्या वह्या लिहायला गेली,
दळणाला गेली, रेणूला शिकवणीहून आणायला गेली.
गुडघ्याचं ऑपरेशन झालं
आणि जिन्याखाली तिच्यावर गोधड्या रचल्या मी.

आता माझ्या घराचं काय झालं ते ऐका.

हँडल न्हाणीघरात.
एका मुठीवर टॉवेल, दुसऱ्या मुठीवर माझा परकर.
पाहुणे आले की लाज वाटते,
यांना नाही वाटत.
दातेरी चक्र ओट्यावर,
उकळतं पातेलं त्यावर निमूट बसतं.
ट्यूब कापून कापून वेटोळी केली,
लोणच्याच्या बरणीचा दादरा आता त्यानेच बांधते.
मुंगी शिरत नाही, हे मात्र खरं.
चाकातल्या तारेला दगडावर टोक काढलं,
वांगं आतवर भाजलं का, ते तार सांगते.

आणि मागलं चाक गच्चीवर,
आडवं टांगलेलं, कडेने चिमटे.
मे महिन्यात लू सुटली की
यांचे बनियन, माझी पोलकी, नातीचे मोजे
एकमेकांच्या मागे धावतात.
कोणी कोणाला गाठत नाही.
शेजारची शर्माइन कठड्यावरून ओरडते,
"भाभीजी, यह कैसी चकरी?"
मी म्हणते, हमारे इंजीनियर साहब से पूछो.
खरं तर हे सूतखात्यात होते,
तुटला धागा जोडायचे. दिवसभर तेवढंच.

कॅरिअर स्वयंपाकघराच्या भिंतीला.
चापाखाली विजेची बिलं, यांचे साखरेचे रिपोर्ट.
पूर्वी तिथे डबा असायचा,
शनिवारी साबुदाण्याचा.
त्या कॅरिअरवर मी एकदाच बसले.
मेळ्याहून परत येताना, जानेवारीचं धुकं,
चढावर मला उतरवलं, उतारावर बसवलं,
आणि ब्रेक लागेना.
मी यांचा स्वेटर असा धरला
की पाठीची वीण उसवली.
हे हसत होते. मोठ्याने, रस्त्यावर.
दुसऱ्या दिवशी मी टाके उचलले.
बोलले नाही कोणाशी.

घंटी पलंगाच्या दांडीला बसवली.
रात्री काही लागलं तर वाजवा, मी म्हटलं.
रात्री कधी वाजवत नाहीत.
वाजवतात पहाटे साडेपाचला,
पहिल्या पाळीच्या वेळेला,
दोनदा,
गल्लीच्या वळणावर वाजवायचे तशी.
मी उठून चहा ठेवते.
या वयात कुठे भांडू?

तेवढे ब्रेक उरलेत. दोन्ही, रबरासकट.
त्यांचं काय करावं ते यांना अजून सुचत नाही.
सुतळीच्या खणात पडलेत.
तसेही
कधी लागत नव्हते.